डॉक्टर साठोणे एकदाचे बोलले

अल्लीपूरच्या डॉक्टर वासुदेवराव साठोण्यांना कशाचीच किळस वाटत नसे, आणि एक विषय सोडला तर कशाची लाजही वाटत नसे. गळू, जंत, खरूज, नायटा हे त्यांच्या बोलण्यात असे यायचे, जसे दुसऱ्यांच्या बोलण्यात पाहुणे येतात. जेवताना ते शकुंतलाबाईंना कौतुकानं सांगत, "आज एकाच्या कानातून गहू निघाला. चांगला मोड आलेला!" आणि वर कढी मागत. शकुंतलाबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दोनदा ताटावरून उठून बघितलं, आणि मग हा माणूस असाच आहे म्हणून जेवायला शिकल्या.

दवाखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. एक टेबल, एक खुर्ची, बाटल्यांचं कपाट आणि भिंतीला लागून एक लांब बाक. बाक आठ जणांचा, बसायचे पंधरा. त्यातले पाच आजारी, बाकीचे ऐकायला आलेले. शकुंतलाबाईंनी एकदा जुन्या लुगड्याचा पडदा करून टेबलासमोर टांगला होता. तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं तो स्वतःच बाजूला सारला आणि म्हणाला, "दिसू द्या ना जी. मंग आमी याच्यासाठी इतक्या उन्हात आलो का?"

रोग ही अल्लीपुरात घराण्याची नव्हे, गावाची मालमत्ता होती. त्यात कंपाउंडर डोमाजी. हा पूर्वी हिंगणघाटच्या कापूस बाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायचा. गळ्याला ती सवय जडली होती, आणि माणसाला नावानं ओळखायची सवय मात्र कधी जडलीच नाही. बाटली भरून झाली की तो खिडकीतून पुकारा करी, "खरूज! खरूज कोनाची? अन् हे मूळव्याध कोन घेऊन राह्यलं? या बावा, पुढे या, लाजता काऊन?"

शिवाय रीत अशी की, रोग्यानं स्वतः बोलायचं नसे. सुनेचं सासू सांगे, बायकोचं नवरा सांगे, म्हाताऱ्याचं नातू सांगे. रोग्यानं तोंड उघडायचं ते फक्त जीभ दाखवायला. आणि सगळ्यात मोठी रीत बाटलीची. दवाखान्यात येताना घरून रिकामी बाटली आणायची, मागच्या अंगणातल्या टाक्यावर ती धुवायची, डोमाजीनं त्यात औषध भरून खुराकांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची, आणि ती भरलेली बाटली साऱ्या रस्त्यानं दिसेल अशी हातात धरून घरी जायचं. भरली बाटली नेली म्हणजे डॉक्टरनं रोग ओळखला. रिकामी नेली असं अजून कोणी केलं नव्हतं.

आता तो एक विषय.

डॉक्टर नागपूरला शिकत असताना पुस्तकातलं ते प्रकरण आलं, तेव्हा शिकवणारे मास्तर खोकले आणि म्हणाले, "हे तुम्ही आपापलं वाचून घ्या." विद्यार्थ्यांनी ते इतकं वाचलं, की पुस्तक त्याच पानावर आपोआप उघडू लागलं. पण त्यावर बोलायचं कसं ते कोणी शिकवलं नाही. पुढे वासुदेवरावांचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, म्हणजे विषय अगदीच परका राहिला होता असं नव्हे. पण तोंडानं? कुणी नुसतं तिकडे वळलं तरी डॉक्टर चष्मा काढत आणि धोतराच्या सोग्यानं पुसू लागत. चष्मा स्वच्छ होईपर्यंत समोरचा गप्प होई, मग डॉक्टर टॉनिक लिहून देत. अल्लीपुरात त्या काळात चष्मा सर्वांत स्वच्छ कुणाचा असेल, तर तो डॉक्टर साठोण्यांचा.

अठ्ठावन्न साली, थंडी सरता सरता, कवडू ताकसांडे आणि त्याची बायको धुरपता आपल्या पोराला घेऊन दवाखान्यात आले. कवडूची बैलबंडी होती. गावचा कापूस तो हिंगणघाटला नेऊन टाकायचा. दीड वर्षापूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून तो दवाखान्यात आला की बाकाच्या मधोमध बसे. पूर्वी तो दारात उभा राही. त्याच्या अशा बसण्यानं बाकावरच्या एक-दोघांचं दुखणं एकाएकी थांबे आणि ते उठून जात. डॉक्टरांना ते पटकन बरे होणारे रोगी फार आवडत. गर्दी हटे.

पोराचं नाव प्रेमदास. सतरावं लागलेलं, ओठावर मिसरूड, मान खाली. पुढच्या महिन्यात मॅट्रिकला बसायचा होता. कवडूच्या घरात आजवर चौथीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं.

"काय होऊन राह्यलं रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"जेवत नाई जी," धुरपता म्हणाली.

"झोप येते?"

"रातभर टक्क जागा राह्यते," कवडू म्हणाला.

"अरे, त्याले बोलू द्या ना!"

"बोलतच नाई ना बावा, थेच तं दुखनं हाये," धुरपता म्हणाली आणि तिनं डोळ्याला पदर लावला.

बाकावरून मत आलं, "नजर लागली. मॅट्रिकले बसून राह्यला ना. उतरवून घ्या."

कवडू ताठ झाला. "नजर-बिजर आमी सोडली. देवऋषीबी सोडला. आता आमच्या घरी कायबी झालं तं डाक्टर." आणि तो असा विश्वासानं डॉक्टरांकडे बघू लागला, की डॉक्टरांना वाटलं, आपल्याला आता देवऋषीसारखं अंगातही आणावं लागणार. मग कवडूचा आवाज खाली आला. "म्हनते, परीक्षेले बसत नाई. म्हनते, काई उपेग नाई. उपेग नाई म्हंजे काय जी? आमी बैलं इकाची वेळ आली तरी शाळा नाई सोडू देल्ली."

डॉक्टरांनी जीभ बघितली, नाडी बघितली, पोट दाबून बघितलं. पोरगा बैलासारखा ठणठणीत. फक्त "काही विचाराचं आहे का रे?" म्हटल्यावर त्याची नजर एकदा बाकाकडे गेली, एकदा डोमाजीच्या खिडकीकडे गेली आणि परत जमिनीत रुतली. इतकं समजण्याइतके डॉक्टर शहाणे होते. ते उठले आणि म्हणाले, "बाटली धुतली का? चाल, मी दाखवतो कशी धुवाची ते."

डॉक्टर स्वतः बाटली धुवायला उठले हे बघून सगळा बाक अवाक झाला.

टाक्यावर प्रेमदास उकिडवा बसला. बाटलीत पाणी घेतलं, हलवलं, ओतलं. परत घेतलं. डॉक्टर बाजूला डाळिंबाच्या झाडाकडे बघत उभे राहिले. बाटली एव्हाना काचेपेक्षाही स्वच्छ झाली होती. मग प्रेमदास त्या बाटलीलाच म्हणाला, "डाक्टरसाहेब, मी आता किती दिवस जगन?"

"तू? तू ऐंशी वर्सं जगशील! काऊन?"

"नाई जी. मले माहीत आहे. बाजारात तंबू लागला होता हकिमाचा. त्यानं आत बोलावून चित्रं दाखवली. पह्यल्या चित्रात पैलवान, मंग तोच वाळून काडी, मंग आंधळा, मंग तिरडी." त्यानं बाटली पुन्हा भरली. "माही... धात जाते जी. झोपेत. हकीम म्हने, शंभर थेंब रगत आटते तवा एक थेंब होते. हाडं पोकळ होतात. डोळे जातात. खरंच जाऊन राह्यले जी, रातच्यानं वाचतो तं अक्षरं हालतात. मंग मी मॅट्रिक होऊन काय करू? बाबाचे कष्ट फुकट."

रात्रभर झोप नाही, वर घासलेटच्या चिमणीचा मिणमिणता उजेड. अक्षरं हलणार नाहीत तर काय करतील? डॉक्टरांना हे सगळं कळत होतं. इतकंच नव्हे, तर नागपूरच्या पुस्तकातलं ते पान सगळं ओळीनं आठवत होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि हात आपोआप चष्म्याकडे गेला.

"हे पाह्य... म्हणजे कसं आहे... वय आहे ना," ते चष्मा पुसत डाळिंबाला म्हणाले. "हे सगळ्यांनाच होते. येते, जाते. तू तिकडे लक्ष देऊ नको. दूध पीत जा. पाय धुवून झोपत जा."

तेवढ्यात आतून डोमाजी गरजला, "बाटली धुवाले नदीवर गेले का जी? इथं हगवन खोळंबली आहे!"

डॉक्टरांची सुटका झाली. ते लगबगीनं आत आले. कवडू आणि धुरपता उभेच होते, चार डोळे बाटलीवर. आता त्यांना बाटली रिकामी नेऊ द्यायची म्हणजे इतकं काही समजावून सांगावं लागलं असतं, की त्यापेक्षा भरून देणं सोपं. डॉक्टरांनी ओव्याचा अर्क, साखरेचा पाक आणि गुलाबी रंग घालायला सांगितला. डोमाजीनं पट्टी चिकटवली आणि पुकारलं, "तीन टाइम! हालवून!"

त्या दुपारी जेवताना डॉक्टर फार खुशीत होते. "आज एका पोराला मी सगळं समजावून सांगितलं," ते म्हणाले.

"काय सगळं?"

"सगळं म्हणजे सगळं. कढी वाढ."

पुढच्या बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर पाच पोरं येऊन उभी राहिली. सगळी मॅट्रिकची. प्रत्येकाच्या हातात एकेक रिकामी बाटली, आणि तोंडं अशी, की आताच कुणाला स्मशानात पोहोचवून आली असावीत.

"कोनता रोग?" डोमाजीनं विचारलं.

पाचही जण आपापल्या बाटलीकडे बघू लागले. शेवटी टिकाराम नावाचा त्यातला एक धीट पोरगा खालच्या आवाजात म्हणाला, "प्रेमदासले जो आहे, थो."

डोमाजीनं आत तोंड करून साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा पुकारा केला, "प्रेमदासवाला! पाच नग!"

डॉक्टर पाचही जणांना घेऊन धावतच मागच्या अंगणात आले. "काय रे हे?"

"डाक्टरसाहेब, आमाले माहीतच नव्हतं का हे सगळ्यांले झालं म्हनून," टिकाराम म्हणाला. "आमाले वाटे, मलेच आहे. याले वाटे, यालेच आहे. प्रेमदासनं सांगतलं का तुमीच बोलले, हे सगळ्यांनाच होते."

"गावात साथ आली म्हनून सांगत होता," जंगू म्हणाला. हा शाळेच्या बोर्डिंगमध्ये राहणारा गोंडाचा पोरगा, मुळात कमी बोलणारा. त्यानं हळूच पुस्ती जोडली, "बोर्डिंगात तं लईच आहे."

डॉक्टर टाक्याच्या काठावर बसले. "अन् प्रेमदास कुठी आहे?"

"थो नाई येत. बाटली सरली, फरक नाई पडला. थो म्हनते, रोग नसता तं डाक्टरनं औषध देल्लं असतं का? अन् औषधानंबी हटला नाई म्हंजे लई पुढे गेलेला आहे. पुस्तकं त्यानं मले देऊन टाकली." टिकाराम जरा थांबला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "भूगोल मले पाह्यजेच होता. पन आता मीबी कायले वाचू?"

पोरांना तिथंच थांबायला सांगून डॉक्टर स्वयंपाकघरात गेले. शकुंतलाबाई खिडकीतून बघतच होत्या. "कोणती साथ आली हो? पोरं तर चांगली धडधाकट दिसतात."

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. डॉक्टरांनी चुलीकडे बघत, अर्धी वाक्यं गिळत, कसंबसं सांगितलं. शकुंतलाबाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. हातातलं पीठ झटकून त्या पाटावर बसल्या.

"मी बारा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी कुणी काही सांगितलं नव्हतं. एके दिवशी मी बघितलं आणि मला वाटलं, मी आता मरणार. गोठ्यात जाऊन बसले, मरणाची वाट बघत. आई शोधत आली. तिनं काय सांगितलं? 'कावळा शिवला.' एवढंच. त्यानंतर कितीतरी दिवस मी आभाळाकडे बघत चालायची, कोणता कावळा म्हणून."

डॉक्टरांनी चुलीवरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्ही कावळ्याऐवजी बाटली दिली, एवढाच फरक. आणि माझी आई काही डॉक्टर नव्हती हो."

डॉक्टर उठले, सायकल काढली आणि भर बाजारातून निघाले. बाजारातल्या लोकांनी बघितलं ते इतकंच, की डॉक्टर कवडूच्या घराकडे गेले आणि थोड्या वेळानं कवडूच्या पोराला सायकलच्या मागं बसवून घेऊन आले. डॉक्टर स्वतः रोगी आणायला जातात म्हणजे रोग भलताच असणार. भाजी तशीच टाकून लोक सायकलमागं चालू लागले.

दवाखान्यात आल्यावर डॉक्टरांनी बाक मोकळा केला, सहाही पोरांना आत घेतलं आणि डोमाजीला सांगितलं, "दार लावून घे. कोणाले आत येऊ देऊ नको. खासगी काम आहे."

डोमाजी दाराबाहेर उभा राहिला आणि त्यानं गुपित राखायला सुरुवात केली. "कोनी यायचं नाई! आत खासगी चालू आहे! लई खासगी! मलेबी सांगतलं नाई!" त्यामुळे ज्यांना ठाऊक नव्हतं तेही जमले.

आत सहा पोरं बाकावर ओळीनं बसली होती. डॉक्टर त्यांच्यासमोर उभे राहिले. "झोपेत..." असं म्हणाले आणि थांबले. हात चष्म्याकडे गेला. चष्मा निघाला. सोगा हातात आला. तेवढ्यात त्यांचं लक्ष प्रेमदासकडे गेलं. तो आठ दिवसांत निम्मा झाला होता.

डॉक्टरांनी चष्मा प्रेमदासच्या हातात दिला. "हा धर. मी मांगला तरी देऊ नको."

चष्म्याशिवाय डॉक्टरांना समोरची पोरं दिसेनात. सहा धूसर ठिपके तेवढे दिसत होते. ठिपक्यांशी बोलायला काय लाज? डॉक्टर बोलू लागले.

"ऐका. तुमचं वय झालं का अंगात ते आपोआप तयार व्हाले लागते. भरलं का झोपेत बाहेर येते. मंग पुन्हा तयार होते. रक्त वेगळं, ते वेगळं. हाडं पोकळ होत नाईत. डोळे तं मुळीच जात नाईत. प्रेमदास, तुह्ये डोळे चिमणीनं अन् जागरनानं थकले, दुसऱ्या कायनंबी नाई. अरे, तुमचा आवाज फुटला, तवा आले होते का बाटली घेऊन? मिसरूड आलं, तवा आले होते? हे त्यांचंच भावंड आहे. ते दिसतात, हे दिसत नाई, म्हणून भेव वाटते."

"मंग शंभर थेंब रगताचं?" एका ठिपक्यानं विचारलं.

"त्या हकिमाले इचार, कोणाचं मोजलं म्हणून. त्याचा तंबू तुमच्या भेवावर उभा आहे. भेव काढलं का बांबू तेवढे राहतील."

मग जंगूनं असं काही विचारलं, की बाकीचे पाच ठिपके छताकडे बघू लागले. डॉक्टरांचे कान लाल झाले. पण त्यांनी त्याचंही उत्तर दिलं, सरळ आणि पुरतं. त्यानंही डोळे जात नाहीत, त्यानंही कोणी वाळत नाही, फक्त खासगी गोष्ट खासगीत ठेवावी. बाकावरून एक मोठा सुस्कारा आला. कुणा एकाचा होता असं काही वाटलं नाही.

प्रेमदासचं मात्र समाधान झालं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "रोग नाई, तं मंग मले औषध काऊन देल्लं?"

हा प्रश्न पुस्तकातल्या त्या पानावर नव्हता. डॉक्टर पुढं होऊन त्याच्याजवळ बाकावर बसले.

"चूक झाली बेटा. मले बोलाची लाज वाटली, म्हणून देल्लं. त्यात ओवा होता अन् साखर होती. बोललो असतो तं बाटली लागली नसती."

"म्हंजे तुमाले माहीत होतं?"

"सगळं माहीत होतं. बोलता येत नव्हतं."

प्रेमदासनं हातातला चष्मा उलटा केला, सुलटा केला. "तुमालेई होत होतं का जी? आमच्याएवढे होते तवा?"

बाहेर डोमाजी ओरडतच होता. आत मात्र इतकी शांतता झाली, की कपाटातली पाल ऐकू आली.

"हो," ते म्हणाले. "मी सिंदी रेल्वे गावाले मामाकडे शिकत होतो. मलेबी वाटलं, आता आपलं काई खरं नाई. स्टेशनावर एक साधू बसे. त्यानं राख देल्ली, म्हने उपाशीपोटी खा. पंधरा दिवस खाल्ली."

"मंग?"

"मंग काय? पोट बिघडलं!"

पहिल्यांदा जंगू हसला, कमी बोलणारा जंगू. मग टिकाराम. मग प्रेमदास असा हसू लागला, की चष्मा पडता पडता राहिला. बाहेरच्या लोकांना आतून सहा पोरांचं आणि एका डॉक्टरचं खदाखदा हसणं ऐकू आलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. एक म्हातारी म्हणाली, "डोक्यावर परिनाम झाला वाट्टे. सगळ्यांच्याच."

एव्हाना कवडू आणि धुरपता धापा टाकत पोहोचले होते. डॉक्टर आपल्या पोराला सायकलवर घालून घेऊन गेले, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. दार उघडलं. पोरं एकेक करून बाहेर आली. सगळ्यांच्या हातातल्या बाटल्या रिकाम्या. प्रेमदासच्या हातात तर बाटलीच नाही.

"औषध?" कवडूनं विचारलं.

डॉक्टर इतके मोकळे झाले होते, की त्यांनी हसत हसत सांगून टाकलं, "याले आता औषध नाई."

डॉक्टरनं औषध बंद केलं म्हणजे अल्लीपुरात त्याचा एकच अर्थ होता. धुरपतानं "माह्या लेकरा रे!" करून हंबरडा फोडला आणि ती मटकन धुळीतच बसली. दोन-तीन म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. बाजारकरी बायकांनी पदर डोळ्याला लावले. डोमाजीचासुद्धा आवाज बसला. डॉक्टर "अहो, तसं नाई, तसं नाई" म्हणत होते, पण पाच रिकाम्या बाटल्या समोर दिसत असताना त्यांचं कोण ऐकणार? एका दिवसात सहा पोरं!

प्रेमदास आईजवळ उकिडवा बसला. "माय, उठ ना. लोक पाहून राह्यले. मले काईच झालं नाई, म्हनून औषध नाई देल्लं."

"खरं सांग."

"खरंच सांगतो. मले भूक लागली. घरी काय आहे?"

धुरपताचं रडं तिथंच थांबलं. डॉक्टरच्या शब्दावर तिचा विश्वास असेल नसेल, पण भुकेवर होता. ती उठली, लुगडं झटकलं आणि जमलेल्या बाजाराला म्हणाली, "काय पाहून राह्यले? पोरगा जेवाले जाऊन राह्यला. तुमच्या घरी जेवत नाईत का?"

गर्दी पांगली. जरा निराशेनंच पांगली. कवडू मात्र जागचा हलला नाही. बायको-पोरगा वळणापलीकडे दिसेनासे झाल्यावर तो डॉक्टरांजवळ आला.

"डाक्टरसाहेब, काय सांगतलं त्याले?"

डॉक्टरांचा हात नाकाकडे गेला. चष्मा नव्हता. तो प्रेमदासबरोबरच जेवायला गेला होता. डॉक्टरांनी नाक खाजवलं, कवडूला आत बसवलं आणि त्या दिवसात दुसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी निम्म्या वेळात झालं.

कवडू बाकावर पुढं सरकला.

"म्हंजे कोनालेच काई होत नाई?"

"नाई."

"मी याच्याच वयाचा होतो जी," कवडू आपल्या डाव्या दंडावरून हात फिरवत म्हणाला. "बापाले सांगू शकलो नाई, देवऋषीले सांगतलं. त्यानं दंडाले तावीज बांधला, काळा कोंबडा मांगतला. मायनं पाळलेला कोंबडा मी चोरून देल्ला त्याले. लग्न झालं, लेकरू झालं, तरी तावीज सोडाची हिंमत नाई. नागपूरले दीक्षा घेतली तवा तोडून फेकला. पन भेव होतंच. आजपरेंत होतं." मग तो एकाएकी हसला. "म्हंजे कोंबडा फुकटच गेला म्हना ना!"

"फुकट कसा? देवऋषीच्या पोटात गेला."

"आमाले कोनं सांगतलंच नाई जी."

"मलेबी नाई, कवडू."

दोघेही त्या लांब बाकावर शेजारी शेजारी बसून राहिले. डोमाजी खिडकीतून डोकावला, काहीतरी पुकारणार होता, पण त्यानं तोंड मिटलं. अल्लीपुरात ते कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

त्यानंतरच्या महिन्यात डॉक्टरांचं असं झालं, की आधी तोंड उघडत नव्हतं, आता मिटेना. रस्त्यात कुणी मिसरूड फुटलेला पोरगा दिसला की सायकल थांबवून विचारायचे, "काय रे, काही शंका? लाजू नको, इचार!" पोरं डॉक्टरांची घंटी ऐकली की बोळात घुसू लागली. शकुंतलाबाईंनी समजावलं, की बोलता येणं म्हणजे दिसेल त्याला धरून बोलणं नव्हे. त्यांनी स्वतः मात्र काही न बोलता एक केलं. दुपारी वाती वळायला म्हणून आळीतल्या मोठ्या होऊ लागलेल्या पोरींना त्या स्वयंपाकघरात बोलावू लागल्या. वाती फारशा झाल्या नाहीत. पण त्या दाराआडून येणारं हसू ऐकून डॉक्टर दवाखान्यात गालातल्या गालात हसत.

परीक्षा हिंगणघाटला होती. पहिल्या पेपरच्या दिवशी उजाडता उजाडता कवडूनं बंडी जुंपली. कापसाऐवजी आत सहा पोरं, शिदोऱ्या आणि टिकारामकडून परत आलेली पुस्तकं. भूगोल टिकारामनं शेवटच्या दिवशी दिला. बंडी दवाखान्यासमोर आली तेव्हा डॉक्टर दारात उभेच होते.

"पोरांनो, नीट लिहा. घाबरू नका. अन् कोणाले काही इचाराचं असन तं आताच इचारा."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. कुणी हसू दाबलं. प्रेमदास मात्र बंडीतून खाली वाकला, चेहरा गंभीर. "एक इचारू का जी? रातपासून अडून राह्यलं."

डॉक्टर पुढं झाले. कवडूनं बैल आवरले.

प्रेमदासनं मांडीवरचं बीजगणित उघडून डॉक्टरांपुढं धरलं. "हे समीकरन. दोन वेळा केलं, उत्तर जुळत नाई."

डॉक्टरांनी पान जवळ धरलं, लांब धरलं. मग पुस्तक परत दिलं आणि जरासंही न अडखळता म्हणाले, "मले नाई येत."

"बरं," प्रेमदास म्हणाला आणि पुस्तकात डोकं घालून बसला. कवडूनं बैलांना हाक दिली.